स्की घ्यायला कुवेतला

स्की विकत घ्यायला मी कुवेतला गेले होते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग मी थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर काळजीने बघतो. वाळवंटात बर्फावरच्या फळ्या कोण विकतं, का विकतं, आणि पुण्याहून त्या आणायला तिथवर कोण जातं, हे तिन्ही प्रश्न मला आता पाठ झाले आहेत. उत्तरं द्यायचा कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पुण्यातल्या एका गिर्यारोहण संस्थेत मी गेली बरीच वर्षं शिकवते. दर जानेवारीत कॉलेजच्या मुलांची तुकडी घेऊन आम्ही हिमाचलात जातो आणि त्यांना स्कीवर उभं करतो. मागच्या वर्षी जानेवारीत सायली नावाची आमची मुलगी पडली. पडतात सगळेच. पण पडल्यावर बूट स्कीवरून आपोआप सुटायला हवा, तो सुटला नाही आणि तिचा गुडघा पिळून निघाला. स्की जुन्या होत्या, बूट धरून ठेवणाऱ्या पकडी, म्हणजे बाइंडिंग, गंजल्या होत्या. चूक कोणाची यावर कमिटीच्या बैठका झाल्या, चहा झाला, आणि सायलीचं ऑपरेशन झालं. जुन्या स्की मोडीत काढायचं ठरलं तेव्हा मी तिला भेटायला गेले. ती खिडकीशी पाय लांब करून बसली होती.

"नव्या स्की कोण बघून घेणार?" तिने विचारलं.

"मी."

"मग मी येईन. पण उभी राहीन की नाही ते तिथे आल्यावर बघेन."

एवढंच बोलणं झालं. कुवेतला निघाले तेव्हा माझ्या डोक्यावर ओझं होतं ते हेच.

आता कुवेत का, तर माझा धाकटा भाऊ नितीन तिथे आहे. तिथल्या मराठी मंडळाने आमच्या संस्थेला स्की भेट द्यायचं ठरवलं. मंडळातल्या एकाची मालवाहतुकीची कचेरी आहे, तो माल मुंबईपर्यंत फुकट पोचवणार होता. आणि तिथले लोक स्की खेळतात. सुट्टी लागली की विमानाने कुठल्या तरी डोंगरात जातात, आणि मधल्या काळात मॉलमधल्या बर्फावर हौस भागवतात. त्यामुळे तिथे दुकानंही आहेत. फुकटची देणगी बघितल्याशिवाय घेऊ नये, इतपत शहाणपण मला सायलीच्या गुडघ्याने शिकवलं होतं. म्हणून मी ऑक्टोबरात गेले.

फरवानिया

नितीनचं घर फरवानियात चौथ्या मजल्यावर आहे. खाली पैसे गावी पाठवायचं दुकान, शेजारी बकाला, म्हणजे आपलं किराण्याचं दुकान, आणि समोर बसचा थांबा. पहाटेपासून बस धापा टाकत येतात आणि माणसं भरून नेतात. नितीनही अशाच एका कंपनीच्या बसने मीना अब्दुल्लाला जातो. तिथे रिफायनरीचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो हिशेब लिहितो. त्याची बायको आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेली होती, त्यामुळे घरात नितीन, त्याची तेरा वर्षांची रेवा आणि न धुतलेली भांडी एवढंच होतं. मी गेल्या गेल्या पदर खोचला. बहीण पाहुणी म्हणून येते ही नुसती समजूत आहे.

"ताई, मंडळात दोन तट पडलेत," नितीनने जेवताना सांगितलं. पोळीला पर्याय म्हणून त्याने बकाल्यातून गरम खुबूस आणली होती, आणि वांग्याच्या भाजीबरोबर ती चांगली लागत होती. "अर्धे म्हणतात मोठ्या कंपनीच्या घ्या. इथला वितरक भाड्याच्या स्कींचा अख्खा संच देतोय. अर्धे म्हणतात मकबूलभाईंकडून घ्या, आपला माणूस आहे."

"मकबूलभाई कोण?"

"रत्नागिरीकडचे. शुवैखला फायबरच्या बोटी दुरुस्त करतात. आता स्कीपण बनवतात."

"बोटीवाला स्की बनवतो?"

"इट्स द सेम थिंग, आत्या," रेवा फोनमधून मान वर न करता म्हणाली. "वूड इनसाइड, फायबर आउटसाइड." मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडण कधी होत नाही. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांशी मराठीत बोलूनही एवढं जमत नाही.

मंडळ म्हटलं की दोन तट आलेच, त्याला समुद्राची आडकाठी नाही. मला मात्र त्या रात्री झोपण्यापूर्वीच दोन्ही तटांचा कंटाळा आला होता. मला तट नको होता, मला मुलांचे गुडघे जाग्यावर हवे होते.

मॉल

दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीचं दुकान. मॉलच्या दाराशी ऊद जळत होता, त्याचा वास कपड्यांत बसला तो पुण्यापर्यंत आला. दुकानाचा व्यवस्थापक जोबी, केरळचा, अतिशय सभ्य. हिंदी आम्हा दोघांचंही बेताचं, त्यामुळे छान जमलं. त्याने करक चहा मागवला, वेलची घालून उकळलेला, आपल्या टपरीवरच्या चहापेक्षा दाट.

स्की सगळ्या एकसारख्या होत्या. तोच निळा रंग, तोच वाक, लांबी तेवढी वेगळी. बाइंडिंग एका रुळावर बसवलेली; बूट लहान असो वा मोठा, खटका दाबायचा आणि पुढेमागे सरकवायची. माणसाच्या वजनाप्रमाणे किती जोरात सुटावी तेही स्क्रूने ठरवता येतं. दर वर्षी नवी मुलं आणणाऱ्या आमच्यासारख्यांना हे फार सोयीचं. मी खटके दाबून बघितले, कड बोटाने चाचपली. नावं ठेवायला जागा नव्हती.

"तुम्ही यावर कधी उभे राहिलात?" मी विचारलं.

जोबी हसला. "मॅडम, मुझे सर्दी बर्दाश्त नहीं होता."

"मग बनवणारे? ते उभे राहतात?"

त्याने मला त्याच्या स्क्रीनवर कारखान्यातली फिल्म दाखवली. यंत्राचा हात एक स्की हजार वेळा वाकवत होता. स्की वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती. बिघाड झाला तर तक्रार कुठे करायची ते त्याने दाखवलं, तिथे नंबर मिळतो म्हणाला. खोटं काहीच बोलला नाही. तरी दुकानातून बाहेर पडताना मला सायलीला काय सांगायचं ते सुचेना. यंत्राने वाकवून बघितली आहे गं, म्हणून सांगू?

शुवैख

शुक्रवारी नितीनला सुट्टी, म्हणून तो गाडीने शुवैखला घेऊन गेला. गॅरेज, टायरची दुकानं, रंगाचे फवारे, आणि मधे ट्रेलरवर चढवलेल्या बोटी. शुक्रवार असल्याने शटरं बंद होती, पण मकबूलभाईंनी खास माझ्यासाठी आपलं उघडलं होतं. साठीच्या आसपासचे, बुटके, दाढीला मेंदी, आणि हातांवर रेझिनचे, म्हणजे फायबर चिकटवायच्या राळेचे, वाळलेले डाग.

मी आल्या आल्या स्कीकडे वळले तर त्यांनी अडवलं.

"ताई, पहिला जेवा. उपाशी पोटी माल बघायचा नाय."

शेडच्या मागच्या खोलीत चटई अंथरलेली होती. त्यांनी झुबैदीचं, म्हणजे पापलेटचं कालवण केलं होतं, गावाहून आणलेलं आमसूल घालून, आणि वाफेवर मऊ राहिलेली तांदळाची भाकरी. नितीनने तीन खाल्ल्या. मी देशावरची, मासे खाताना काट्याला भिते, तर मकबूलभाईंनी माझ्यासाठी पोटाकडचा तुकडा वेगळा ठेवला होता. जेवण संपेपर्यंत मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते. पुण्यात वर्षानुवर्षं शेजारी राहून आम्ही 'तुम्ही'च राहतो. इतकं खाऊन झाल्यावर नाही कसं म्हणायचं?

मग स्की. त्यांच्या मालकाला, अबू फहदला, स्कीचा नाद. एकदा त्याने आपली मोडकी स्की बोटीसारखी सांधायला आणली. मकबूलभाईंनी ती उघडली, आत बघितलं आणि म्हणाले, ही मी नवीच करून देतो. मग त्याच्या मित्रांनाही केल्या. बाइंडिंग बाजारातून आणायची, बाकी सगळं हाताने. टोकाला जाळून काढलेलं होडीचं बारीकसं चित्र. हात फिरवला तर सोडवेना अशा होत्या त्या.

"कोण उभा राहणार यावर?" त्यांनी विचारलं. "वजन सांग, बूट सांग."

"दर वर्षी वेगळी मुलं."

"म्हणजे एकाची नाय." त्यांनी तोंड वाकडं केलं. "मी तर बुटाच्या मापावर फळीला भोक पाडतो. माणूस बदलला तर परत भोक."

तेही खरं होतं. मी तेवढ्यात त्यांना जोबीला विचारलेला प्रश्न विचारला. तुम्ही यावर उभे राहता का?

त्यांना प्रश्नच कळला नाही. नितीनने पुन्हा सांगितल्यावर ते जरा रागावलेच.

"मग कोण राहणार? आमच्या खाडीवर होडी पाण्यात लोटली की पहिला बनवणारा बसतो. एकटा. जाऊन वळून आला, की मग मालकाची पोरं बसतात. बनवणारा बसला नाय तर मालक होडीला हात लावत नाय. माझा बापूस असाच बसायचा, आजा पण. मी इथं बोटीत बसतो, तर हिच्यावर पण बसतो." स्कीवरही ते बसतोच म्हणत. "अबू फहद सांगतो, मकबूल, तू पडशील. मी बोलतो, पडेन तर मी पडेन ना."

शेडच्या कोपऱ्यात त्यांनी नमुन्याचा जोड माझ्यासाठी तयार ठेवला होता. अजून त्यावर कोणी उभं राहिलं नव्हतं. उद्या संध्याकाळी मॉलमधल्या बर्फावर तो पहिला मी चालवणार, तू बघायला ये, असं त्यांनी सांगितलं. परतताना गाडीत नितीनने विचारलं, "ठरलं ना ताई?" मी म्हटलं, जवळजवळ. सायलीला सांगायला मला माणूस मिळाला होता. भोकांचं काय करायचं ते मी मनातल्या मनात सोडवत होते: मुलांच्या बुटांची मापं आधीच मागवू, वगैरे.

मॉलमधला बर्फ

बर्फघर म्हणजे एक मोठ्ठा फ्रीज. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत, आत भाड्याची जाड जाकिटं. काळ्या पायघोळ अबाया घातलेल्या बायका वर जाकीट चढवून लेकरांबरोबर बर्फाचे गोळे करत होत्या. एका टोकाला छोटा उतार होता, आमच्या हिमाचलातल्या पहिल्या दिवसाच्या उताराएवढाच. तिथल्या बर्फाला वास नसतो. डोंगरातल्या बर्फाला देवदाराचा, धुराचा, शेणाचा वास असतो हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मकबूलभाई आले ते ट्रॅकपँट, गुलाबी भाड्याचं जाकीट आणि डोक्यावर लोकरीची टोपी घालून. रेवा माझ्या कानाशी लागली. "आत्या, ही इज टू ओल्ड फॉर धिस." मी तिच्यावर डोळे वटारले. मकबूलभाईंना स्की येत नाही, हे ते चार पावलं चालले तेव्हाच दिसलं. त्यांना फक्त सरळ खाली यायचं होतं. ते उताराच्या डोक्यावर गेले, ओठ हलले, आणि निघाले.

अर्ध्या वाटेपर्यंत छान आले. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, चेहरा गंभीर. मग डावी स्की किंचित वळली, वाकली, आणि टोकाकडून फाकली. होडीचं चित्र असलेला वरचा थर एकीकडे आणि तळ दुसरीकडे. मकबूलभाई तोंडावर आपटले. बूट सुटला, हे चांगलं झालं. पण हात अंगाखाली आला होता.

मी पळत गेले. बर्फावर पळू नये हे मी मुलांना जन्मभर सांगत आले आहे. मनगट सुजायला लागलं होतं. ते मात्र मनगटाकडे बघत नव्हते, फाकलेल्या टोकाकडे बघत होते. रेवाने न सांगता आपला स्कार्फ काढून त्यांचा हात गळ्यात बांधला आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "काका, हलवू नका." मी तिच्याकडे बघतच राहिले.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र सायलीच होती. मकबूलभाईंबद्दल कळवळा वाटायच्या आधी मला सुटका झाल्यासारखं वाटलं, की बरं झालं, तुकडीतलं कोणी नव्हतं यावर. त्या विचाराची मला लाज वाटली. तरी तो आला होता हे खरं.

परत शुवैख

हाड मोडलं नव्हतं. नितीन कामावर असल्याने निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच टॅक्सीने शुवैखला गेले. ड्रायव्हर सिंधचा होता, वाटभर आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगत होता आणि मी हुंकार देत होते. मनात वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळत नव्हतं.

मकबूलभाईंनी ती स्की करवतीने आडवी कापून टेबलावर ठेवली होती. एका हाताने कापली असणार, कारण काप वाकडा गेला होता. लाकूड आणि फायबर यांच्यामध्ये हवेचे फुगे अडकलेले दिसत होते.

"अबू फहदच्या स्की मी थंडीत केल्या," ते म्हणाले. "हा जोड ऑगस्टात. शेड भट्टीसारखी तापलेली. रेझिन लगेच धरला, दाब द्यायच्या आधीच. बोटीला चालतं, बोट जाडी असते. तुला जानेवारीत पाहिजे म्हणून मी घाई केली." मग थोडं थांबून, "एका जोडावरून ठरवू नको ताई. डिसेंबरात करतो. थंडीत करतो."

"डिसेंबरात किती होतील?"

ते टेबलावरचा भुसा झटकू लागले. आमची तुकडी मोठी होती आणि जानेवारी लगेच येणार होता, हे त्यांनाही कळत होतं.

मी सांगितलं. कंपनीच्याच घेते, मुलं दर वर्षी बदलतात, बाइंडिंग सरकवता येते. सगळी कारणं खरी होती आणि सगळी सांगून झाल्यावरही मला फार वाईट वाटत होतं. त्या माणसाची इच्छा एवढीच होती, की परमुलखात इतकी वर्षं हात चालवल्यावर आपल्या हातचं काही तरी आपल्या देशात जावं. तसं ते जेवताना म्हणालेही होते, भाकरी मोडत, सहज. मला ते त्या घटकेला आठवायला नको होतं.

त्यांनी चहा केला. डाव्या हाताने ओतला, सांडला, मी पुसायला गेले तर "राहू दे" म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले नाहीत. मी टॅक्सीकडे वळले तेव्हा मागून आवाज आला.

"मग कंपनीच्यात पहिला कोण बसणार?"

टोमणा होता तो, आणि तो मला लागावा म्हणूनच मारलेला होता. मी टॅक्सीत बसले. विमानात, पुण्यात, कमिटीसमोर निळ्या स्कींचे फोटो दाखवताना तो माझ्या मागे मागे येत राहिला.

हिमाचल

स्की वेळेवर आल्या. जानेवारीत आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन होतं आणि बर्फ चांगला पडून गेला होता. मुलांनी खोकी फोडली, निळ्या फळ्या बर्फावर ओळीने मांडल्या, आणि कोण कुठली घेणार यावर भांडू लागली. सायली जरा बाजूला, दगडावर बसली होती. बूट घातले नव्हते.

मी म्हटलं, थांबा. आणि पहिला जोड उचलला.

मुलांना वाटलं मॅडम शिकवताहेत. मी बाइंडिंग माझ्या बुटाला सरकवली, उतारावरून खाली आले, एक वळण घेतलं, मुद्दाम पडले. खट् करून बूट सुटला. चढून वर आले आणि दुसरा जोड घेतला. मग तिसरा. माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत, आणि पडणं हे चढण्यापेक्षा अवघड असतं, कारण पडून उठावं लागतं. मुलं आधी हसली, मग कंटाळली, मग बर्फावर बसून बघू लागली. एकाने विचारलं, "मॅडम, कंपनीने टेस्ट केलेलं असतं ना?" मी म्हटलं, असतं. आणि पुढचा जोड घेतला. मकबूलभाईंच्या प्रश्नाला याहून वेगळं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

शेवटच्या जोडावर पडले तेव्हा मला उठवेना. तशीच बर्फात बसून राहिले, पाठ ओली, श्वास लागलेला. या वयात हे सगळं कशाला, असं मनात आलं. तेवढ्यात समोर सायली येऊन उभी राहिली. पायात बूट होते, बकलं उघडी.

"झाला हा पण तुमचा?" तिने माझ्या शेजारी पडलेल्या स्कीकडे बघत विचारलं.

"झाला."

"मग हाच द्या."

मी बसल्या बसल्याच तिची बकलं लावली, बाइंडिंग तिच्या बुटाला सरकवली, तिच्या वजनाला स्क्रू फिरवला. माझी बोटं गारठली होती, तिला घाई नव्हती. तिने आधी चांगला पाय आत दाबला, मग दुसरा. दोन्ही वेळा खट् आवाज आला. काठ्या टेकवून ती सरळ उभी राहिली.

मला उठवायला मात्र दोघांना यावं लागलं.